एका मिनिटाचे श्वास

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला माझ्या मुलीनं मला मनगटावरचं एक घड्याळ दिलं. पावलं मोजणारं, झोप मोजणारं, श्वासही मोजणारं. पहाटे उठून मी चटई अंथरायची, डोळे मिटून बसायची आणि मिनिटाला श्वास किती झाले ते पाहायची. मग उगवतीकडे तोंड करून एक फोटो काढायचा आणि तो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा. तिथे कुणाचा सोळा तासांचा उपवास असे, कुणाचा दुधीचा रस. फोटोला दाद मिळाली तर दिवस बरा, नाही तर मन खट्टू. मला आतून शांत वाटत नव्हतं. पण फोटोत सगळ्याच शांत दिसत होत्या, म्हणून ते मी कुणाजवळ बोलले नाही.

त्याच दिवसांत श्वास मोजण्याच्या दुसऱ्या एका साधनाविषयी माझ्या वाचनात आलं. लाकडी चौकट, तिच्यात ओवलेले मणी आणि शेजारी एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ.

हे साधन गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. खेड्यांत लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल तर तो धोका समजायचा. पण गावच्या सुईणीनं कधी शाळा पाहिलेली नाही, तिनं साठपर्यंत मोजायचं कसं? म्हणून ते मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, की औषधाची वेळ झाली. एवढंच. झोपडीत, चिमणीच्या उजेडात, एक म्हातारी बाई बाळाच्या पोटावर नजर ठेवून बसलेली आहे आणि एकेक मणी सरकवते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. मीही श्वासच मोजत होते की!

पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११पासून हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या हाती आली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी आशाताई घरी जाते. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला अंगावर पाजण्याविषयी विचारते. योजना आली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये ठरले होते. एकविसाव्या दिवशी पाऊस आहे म्हणून तिला बाविसाव्यावर ढकलता येत नाही.

योगासनांवर माझा राग नाही, हे आधी सांगते. माझा गुडघा त्यांनीच सांभाळला आहे, आणि शरीर राखणं हे कर्तव्यच आहे. खुपतं ते शरीराचं प्रदर्शन. आणि सेवेचंही प्रदर्शन होतं, बरं का. एका केळ्याला सहा हात लावून काढलेले फोटो आपण पाहतोच. रुग्ण मान खाली घालून बसलेला असतो, त्याची परवानगी कुणी विचारलेली नसते. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला शिक्षणाचं, स्वच्छतेचं सांगत. कुणी पाया पडायला वाकलं तर त्यांना ते खपत नसे. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःच्या अंगावर मात्र शेवटपर्यंत चिंध्या होत्या.

मी काय केलं ते सांगते, मोठं काही नाही. आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात दर गुरुवारी सकाळी आठ ते बारा जाते. पहिले दोन गुरुवार मी बिस्किटांचे पुडे घेऊन गेले. तिसऱ्या गुरुवारी तिथल्या एका सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, बिस्किटं लोक आणतात. यांना खिडकी सापडत नाही, ते बघता का?"

मग मी खिडक्या शिकले. केसपेपर कुठे निघतो, रक्ताचा रिपोर्ट कुठे मिळतो, सोनोग्राफीची तारीख कोण देतं. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार आणि त्यांच्या झेरॉक्स लागतात. एक कागद राहिला की दीडशे किलोमीटरवरून आलेला माणूस परत गावी जातो, त्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं दुप्पट होतं. बाईला वॉर्डात एकटीला सोडून नवऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं. अशा वेळी कुणीतरी रांग धरली, कुणीतरी चिठ्ठी वाचून गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगितलं, तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो. हे काम कंटाळवाणं आहे. पाय दुखतात. कधी कुणी वसकन अंगावरही येतं, कारण तो रात्रभर जागा असतो.

फोटो काढायचा मोह मला झाला होता. पहिल्याच महिन्यात, एका आजीचा हात धरून जिना चढताना. फोन पर्समधून काढलाही. आजी थांबल्या आणि पदर सारखा करू लागल्या. त्यांना वाटलं, कागदासाठी फोटो लागतो. मी फोन परत ठेवला. तेव्हापासून आत जाताना तो बंदच असतो.

घड्याळ मी अजून वापरते, वेळ बघायला. परवा डायलिसिसला आलेल्या एका काकांना पुढची तारीख समजावून सांगितली, कागद पिशवीत नीट घालून दिले. त्यांनी तारखेकडे पाहिलं, बोटांवर वार मोजले आणि विचारलं, "ताई, गुरुवारच येते. तुमी रायता नं?"

राहते, म्हटलं.