केशर गेले, बाजार राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, केंब्रिजच्या दक्षिणेला सुमारे १५ मैलांवर, सॅफ्रन वॉल्डन हे बाजाराचे गाव आहे. सॅफ्रन म्हणजे केशर, आणि त्याची ओळख बहुधा तेथे पिकणाऱ्या केशरावरून करून दिली जाते. परंतु हे गाव खऱ्या अर्थाने जगवले ते त्याच्या बाजाराने, असे माझे मत आहे.

हा बाजार मुळात तीन-चार मैलांवरच्या न्यूपोर्ट गावी भरत असे. राजगादीसाठी यादवी चालू असताना, ११४१ साली, गादीवर हक्क सांगणाऱ्या माटिल्डाने जेफ्री द मँडव्हिल या उमरावाला सनद दिली आणि तो बाजार वॉल्डनला, त्याच्या किल्ल्याजवळ आला. बाजार ज्याच्या जागेत भरे त्याला जकात आणि भाडे मिळे, म्हणून अशा सनदेला मोठे मोल होते. विक्रेते सुरुवातीला आपल्या आठवडी बाजारासारखाच उघड्यावर माल मांडत आणि संध्याकाळी आवरून जात. हळूहळू काहींनी मांडणी हलवणेच सोडले. तिच्यावर छप्पर आले, मग भिंती आल्या, मग माडी चढली. बुचर रो, मार्केट रो या आजच्या अरुंद गल्ल्या म्हणजे त्या जुन्या दुकानांच्या रांगाच होत, आणि गावाचा इतिहास मला कोणत्याही स्मारकापेक्षा या गल्ल्यांत अधिक स्पष्ट दिसतो.

केशराचा बहराचा काळ सोळाव्या-सतराव्या शतकांतला. शरद ऋतूत जांभळी फुले उमलली की ती पहाटेच खुडायची, प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू वेगळे करायचे आणि मंद आचेवर वाळवायचे. इतक्या कष्टाने हाती येणारा माल चिमूटभरच असे. कापड रंगवण्यासाठी, औषधांत आणि स्वयंपाकात त्याला मागणी होती. पुढे परदेशी केशर आणि स्वस्त रंग आले, आणि अठराव्या शतकात ही शेती जवळजवळ संपली.

गाव मात्र ओस पडले नाही, कारण विकायला दुसरा माल होता. आसपासच्या शेतांतले बार्ली येथे येई, त्याला मोड आणून, वाळवून, त्याचे माल्ट बनवून मद्यनिर्मितीसाठी पाठवले जाई. या धंद्यात पुढे आलेल्या गिब्सन या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाने पेढी काढली. ती १८९६ साली बार्कलेज बँकेत विलीन झाली. धान्याच्या सौद्यांसाठी १८४८ साली बाजारचौकात कॉर्न एक्स्चेंजची देखणी इमारत उभी राहिली. तेथे आज सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि जुन्या वास्तूचा इतका योग्य उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

मंगळवारी आणि शनिवारी या चौकात आजही बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतली माणसे भाजी, पाव आणि चीज घ्यायला येतात, ओळखीच्या विक्रेत्याशी दोन शब्द बोलतात, आणि ज्यांना वाचायची आवड आहे ती परतताना ग्रंथालयात पुस्तक बदलून जातात.