तीन बोटांचा ब्राउन

अमेरिकन बेसबॉलपटू मॉर्डेकाय ब्राउनचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: यंत्रात बोट गेलं आणि त्याचं नशीब उघडलं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. इंडियाना राज्यातल्या नाइसव्हिल गावी १८७६ साली जन्मलेला हा मुलगा. शेतावर चारा कापायचं यंत्र होतं, आपल्याकडच्या कडबाकुट्टीसारखंच. त्यात उजव्या हाताची तर्जनी जवळजवळ मुळापासून गेली. जखम भरत असतानाच तो पडला, उरलेली बोटं मोडली आणि वाकडीच जुळून आली. त्या काळात यंत्रात हात गेलेली पोरं काही कमी नव्हती. त्यातली किती पिचर, म्हणजे बेसबॉलमधले चेंडूफेके, झाली?

मोठा झाल्यावर तो कोळशाच्या खाणीत राबला आणि खाणकामगारांच्या संघांतून खेळत वर आला. पुढे तो पिचर झाला. बेसबॉलमध्ये पिचरचा चेंडू टप्पा न घेताच बॅटरपर्यंत जातो, तेव्हा सगळी करामत हवेतच व्हायला हवी. ब्राउन चेंडूला तर्जनीच्या थोटकावरून आणि वाकड्या मधल्या बोटावरून अशी फिरकी द्यायचा की बॅटरपाशी येता येता चेंडू झपकन खाली उतरे. फटका बसला तरी चेंडू जमिनीवरून सरपटत त्याच्या संघातल्या क्षेत्ररक्षकांच्या, टिंकर, एव्हर्स नाहीतर चान्सच्या हातात. हे बोटांमुळे झालं म्हणा. पण तो चेंडू हवा तिथे टाकण्याची अचूकता कुठल्या यंत्राने दिली? ती त्याने घाम गाळून मिळवली.

१९०३ साली तो सेंट लुईसकडून पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये उतरला, आणि पुढच्याच वर्षी शिकागो कब्ज संघाकडे आला. १९०६ मध्ये त्याने २६ सामने जिंकले, फक्त ६ हरले. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळल्या, तर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.०४. जेमतेम एक धाव!

पण मला तो खरा दिसतो ८ ऑक्टोबर १९०८ ला. हंगामाअखेर कब्ज आणि न्यूयॉर्क जायंट्स बरोबरीत होते आणि हा सामना जिंकेल तो दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, नॅशनल लीगचा, विजेता. मैदान न्यूयॉर्कचं, पोलो ग्राउंड्स, माणसांनी गच्च भरलेलं. समोर क्रिस्टी मॅथ्यूसन, त्या काळातला बहुधा सर्वांत लाडका पिचर. ब्राउनला धमकीची पत्रं आली होती, असं त्याने पुढे सांगितलं. सुरुवातीला चेंडू कब्जचाच दुसरा पिचर फिस्टर याच्याकडे होता. पहिल्याच डावात एक धाव गेली, दोन खेळाडू बेसवर. तेव्हा ब्राउनला बोलावलं. आल्या आल्या त्याने जायंट्सच्या डेव्हलिनला बाद केलं आणि सामना संपेपर्यंत चेंडू सोडला नाही. कब्ज ४-२ ने जिंकले. मग दुसऱ्या लीगच्या विजेत्या डेट्रॉइटला हरवून त्यांनी सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, जिंकली. त्यानंतरची थेट २०१६ साली!

४ सप्टेंबर १९१६ ला ब्राउन आणि मॅथ्यूसन पुन्हा समोरासमोर आले. दोघांचीही उतरती कळा लागलेली. दोघांनाही बॅटरांनी चोपलं, मॅथ्यूसनचा तेव्हाचा संघ सिनसिनाटी १०-८ ने जिंकला आणि मोठ्या लीगमधला दोघांचाही तो अखेरचा सामना ठरला. ब्राउनच्या खात्यावर तोवर २३९ विजय जमा होते. तरी बेसबॉलमधल्या थोरांचा मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली ती १९४९ साली. त्याला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.