मत्सुरी : अकरा रेघांची कांजी

[पडद्यावर : चौकटीच्या वहीत ब्रशने लिहिलेली कांजी]

कांजी म्हणजे जपानीत वापरलं जाणारं चिनी अक्षर. जपानी मुलं ही कांजी, 祭, तिसरीत शिकतात. एकटी आली तर वाचन मत्सुरी, म्हणजे उत्सव. जोडशब्दात बहुधा साइ. शाळेचं गॅदरिंग म्हणजे बुन्कासाइ, ते याच साइचं. क्योतोच्या गिओन मत्सुरीत मात्र जोडनाव असूनही मत्सुरीच.

वर डावीकडे मांसाचा तुकडा, उजवीकडे हात, खाली वेदी. चीनच्या प्राचीन शांग काळातल्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, मांस धरलेला हात सरळ ओळखू येतो. थोडक्यात, नैवेद्य आधी, जत्रा नंतर.

[पडद्यावर : एकेक रेघ उमटते]

पहिली रेघ डावीकडे उतरती. दुसरी जराशी आडवी जाऊन वळते आणि डावीकडे लांब घसरते. तिसरी-चौथी म्हणजे आतले दोन सुटे ठिपके. पाचवी आखूड, वळून खाली येणारी. सहावी उजवीकडे पसरते. मग वेदी : सातवी आडवी आखूड, आठवी तिच्याहून लांब, नववी उभी आणि टोकाला डावीकडे झटका. या झटक्याला हाने म्हणतात. तो विसरला की शिक्षकांची लाल खूण ठरलेली. दहावी-अकरावी दोन्ही बाजूंना.

खालचा भाग सहसा चुकत नाही. घोळ वरच होतो. 'निघणे' आणि 'चढणे' यांच्या कांजींवर जवळपास असंच छप्पर असतं, त्याला हात्सुगाशिरा म्हणतात. त्यात डावीकडे एकच ठिपका आणि उजव्या उतारावर दोन बारीक रेघा. हाताला त्याची सवय असली की तेच इथेही उतरतं. म्हणून लिहून झाल्यावर आधी उजवी बाजू तपासा : छपराबाहेर काही डोकावत असेल तर अक्षर चुकलं. डावीकडे ठिपके दोनच हवेत.

दुसरी अडचण जागेची. आठवी रेघ छपराइतकी रुंद झाली की सगळं अक्षर बसकं दिसतं. वेदी छपराच्या आतच ठेवा. दुसऱ्या आणि सहाव्या रेघेची टोकं तिच्या दोन्ही बाजूंना पुढे यायला हवीत.

एवढं जमलं की आणखी दोन कांजी जवळपास फुकटात मिळतात. डोक्यावर तीन रेघांचं छत चढवा : केइसात्सु, म्हणजे पोलीस, या शब्दातली सात्सु. डावीकडे कोझातो नावाचा तीन रेघांचा भाग जोडा : विमानतळावर दिसणाऱ्या कोकुसाइमधली, म्हणजे 'आंतरराष्ट्रीय'मधली, साइ. दोन्ही चौदा रेघांच्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांना मात्र ही कांजी वापरू नका. तिथे इवाइची, म्हणजे अभिनंदनाची, कांजी लागते, ती वेगळी.