दीड तोळ्याची गोळी आणि तिचा वेग

नमस्कार, श्रोतेहो.

तोळा हे माप आपल्या बोलण्यात अजूनही आहे. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरवण्यात आले, आणि इंग्लंड-अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या आजही याच ग्रेनमध्ये तोलल्या जातात. त्यामुळे हत्ती किंवा आफ्रिकी रानरेडा अशा प्रचंड जनावरांसाठी घडवलेल्या मोठ्या व्यासाच्या रायफलींचा हिशेब आपल्याला आपल्या मापातही मांडता येतो. २७० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर दीड तोळा, ३०० ग्रेनची म्हणजे एक तोळा आठ मासे (बारा माशांचा एक तोळा), आणि पॉइंट ६०० नायट्रो एक्सप्रेस, म्हणजे नावापुरता ०.६०० इंच व्यास असलेल्या अवाढव्य रायफलीची ९०० ग्रेनची गोळी म्हणजे पुरते पाच तोळे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि ते योग्यच झाले. परंतु या रायफलींत दडलेले यंत्रशास्त्र समजून घेण्याजोगे आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा थेट हिंदुस्थानातून गेलेला आहे.

गोळी जड केली की तिचा वेग कमी होतो, एवढे कोणालाही सुचेल. प्रश्न आहे तो किती कमी होतो हा. वजन दुप्पट केले तर वेग निम्मा होईल असा अंदाज पुष्कळदा केला जातो, आणि तो चुकीचा आहे. नळीत जळणाऱ्या दारूचे वायू गोळीला ढकलत नेतात. नळीची लांबी तीच आणि सरासरी दाबही साधारण तोच असेल, तर गोळीवर झालेले कार्य, म्हणजेच तिला मिळालेली ऊर्जा, जवळपास तेवढीच राहते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वेग घटतो तो वजनाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने १९१२ साली आणलेले पॉइंट ३७५ मॅग्नम हे काडतूस. त्यात २७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २६९० फुटांच्या वेगाने नळीबाहेर पडते, तर ३०० ग्रेनची सुमारे २५३० फुटांच्या वेगाने. वजन अकरा टक्क्यांनी वाढले, वेग मात्र सहाच टक्क्यांनी उतरला. ऊर्जेचा हिशेब केला तर पहिल्या गोळीची सुमारे ४३४० आणि दुसरीची सुमारे ४२६५ फूट-पौंड, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्याही आत. वजन आणि वेग यांचा गुणाकार, ज्याला आपण संवेग म्हणतो, तो मात्र जड गोळीत साडेचार टक्क्यांनी अधिक भरतो. याच काडतुसातील २३५ ग्रेनची हलकी गोळी सेकंदाला २८०० फूट धावूनही ४१०० फूट-पौंडांच्या आसपासच थांबते. याचे एक कारण असे की दारूचे वायूही गोळीमागून नळीतून धावत असतात. सत्तर-पंच्याहत्तर ग्रेन दारूच्या वायूंना वेग देण्यातही ऊर्जा खर्च होते, आणि गोळी जितकी हलकी आणि वेगवान, तितका या खर्चाचा वाटा मोठा होतो.

वर मी सरासरी दाब तोच राहतो असे म्हटले, पण तो आपोआप तसा राहत नाही. दारू क्षणात संपत नाही. ती जळत असताना गोळी पुढे सरकते, तिच्यामागची जागा वाढते आणि त्यामुळे दाब आटोक्यात राहतो. जड गोळी जागची सावकाश हलते, म्हणून दाब झपाट्याने चढतो, आणि त्यासाठी दारू कमी भरावी लागते किंवा अधिक संथ जळणारी निवडावी लागते. शिवाय व्यास तोच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते, आणि काडतुसाची एकूण लांबी बांधलेली असल्यामुळे ती वाढीव लांबी आत, दारूच्याच जागेत शिरते. अमेरिकेत १९५६ साली आलेल्या पॉइंट ४५८ विंचेस्टर मॅग्नमला हीच अडचण भोवली. ५०० ग्रेनच्या गोळीसाठी जाहीर केलेला वेग होता सेकंदाला २१३० फूट. परंतु आखूड पितळी नळकांड्यात, म्हणजे काडतुसाच्या कवचात, दारू दाबून भरावी लागे, ती कधी घट्ट बसून नीट जळत नसे, आणि शिकाऱ्यांच्या तोकड्या नळ्यांतून प्रत्यक्ष वेग पुष्कळदा २००० फुटांच्याही खाली येई. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याने जखमी केले होते. त्या अनुभवातून त्याने १९७१ साली नळकांडे लांब करून स्वतःचे काडतूस तयार केले, आणि तीच ५०० ग्रेनची गोळी २३०० फुटांवर नेली. गोळीचे वजन तेच होते. वाढली ती फक्त दारूची जागा.

आता हिंदुस्थानचा धागा. १८९८ साली बंदूककार जॉन रिग्बी यांच्या पॉइंट ४५० नायट्रो एक्सप्रेसने ४८० ग्रेनच्या गोळीला २१५० फुटांचा वेग दिला होता. पुढे १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात पॉइंट ४५० व्यासाच्या शिकारी दारूगोळ्यावर बंदी घातली, कारण याच व्यासाच्या मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. इंग्रज कारागिरांना नवे व्यास शोधावे लागले आणि पॉइंट ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी काडतुसे प्रचारात आली. त्या सर्वांचे आकडे शेजारी मांडले की मला दरवेळी आश्चर्य वाटते. गोळ्या ४८० ते ५२० ग्रेनच्या आणि वेग २१०० ते २१७५ फुटांच्या दरम्यान. निरनिराळी दुकाने एकाच ठिकाणी येऊन थांबली, कारण बंधने एकच होती. कॉर्डाइट ही दारू उन्हाळ्यात अधिक दाब निर्माण करी, आणि दाब वाढला की बिजागरीवर वाकवून उघडणाऱ्या दुनळी (दोन नळ्यांच्या) रायफलीत रिकामे नळकांडे अडकून बसे. संकटाच्या क्षणी ते जिवावर बेतणारे होते. दाब कमी ठेवूनही जाड कातडीच्या आत खोल जाणारी गोळी हवी, तर ती जड आणि मध्यम वेगाची असणे भाग होते. तिचे वजन तिच्या पुढच्या भागाच्या क्षेत्रफळाच्या मानाने जास्त असल्यामुळे ती हवेत आणि जनावराच्या शरीरातही वेग सावकाश गमावते.

दुनळी रायफलीत वजन आणि वेग यांच्या या नात्याचा सर्वांत नाजूक भाग दिसतो. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे त्या किंचित एकमेकींकडे झुकवून जोडलेल्या असतात. उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल वर आणि थोडी उजवीकडे वळते, आणि हे वळणे गोळी अजून नळीतच असताना सुरू झालेले असते. नळ्यांचा झुकाव आणि हे वळणे एकमेकांना फेडतील असा मेळ कारागीर गोळ्या झाडून, नळ्यांचा सांधा पुन्हा पुन्हा उकलून, पाचर सरकवून जुळवत असे. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर निसटते, वळणे अपुरे राहते आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे लागते. मंद गोळी उशिरा निघते आणि उजवीकडे भरकटते. डाव्या नळीचे याच्या नेमके उलट. म्हणून अशी रायफल एकाच वजनाच्या, एकाच वेगाच्या गोळीसाठी जन्माला येते, आणि जुन्या इंग्रजी दुनळ्यांच्या नळ्यांवर बंदुकांच्या चाचणीगृहाने ते कोरूनही ठेवलेले सापडते. पॉइंट ४७०च्या एखाद्या रायफलीच्या नळ्या उलट्या करून पाहिल्या, तर कॉर्डाइट या शब्दापुढे ७५ आणि ५०० असे दोन आकडे दिसतात. पहिला दारूच्या ग्रेनचा, दुसरा गोळीच्या.