घरातले बाबा : डॉ. अनिल अवचट

नमस्कार मंडळी. २७ जानेवारी २०२२, कोरोनाची तिसरी लाट चालू होती, आणि पुण्यात पत्रकारनगरच्या राहत्या घरी डॉ. अनिल अवचट गेले. वय ७७. बातम्यांमध्ये काय आलं, तर ज्येष्ठ साहित्यिक, सामाजिक कार्यकर्ते, मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक. सगळं बरोबरच आहे हो, पण त्यांची आठवण काढायला बसलेली माणसं दहा मिनिटांत पुस्तकं सोडून भलतीकडेच जातात, म्हणजे कागदाचा मोर, बासरी, स्वयंपाक, मुलींची वेणीफणी. मग आम्हीपण ठरवलं, या व्हिडिओत पुरस्कारांची यादी नको, घरातला माणूस बघू.

मूळ गाव ओतूर, जुन्नर तालुक्यातलं. शिकायला पुण्यात आले, बी. जे. मेडिकलला ॲडमिशन, आणि तिथेच सुनंदा भेटली. १९६७ च्या आसपास बिहारमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, हे तिकडे जाऊन आले, जे पाहिलं ते लिहिलं, आणि तिथून लिहायचं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत थांबलंच नाही. एमबीबीएस झाले पण दवाखाना काही थाटला नाही. आता आपल्याकडे मुलगा डॉक्टर झाला आणि प्रॅक्टिस करत नाही म्हटलं की नातेवाईक काय काय बोलतात ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

घर चालायचं सुनंदाच्या पगारावर. ती येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होती. ती सकाळी कामावर जाणार आणि हे घरी, मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींना अंघोळ घालणं, खाऊ घालणं, गोष्टी सांगणं, सगळं हेच करणार, आणि मध्ये वेळ मिळेल तसं लिखाण. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे बरं का! आज एखादा बाबा रविवारी पोराला बागेत नेतो तर चार रील टाकतो, आणि या माणसाने बायकोच्या पगारावर आपण राहतो हे स्वतःच लिहून छापून टाकलं, त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. मुलींना शाळासुद्धा कुठली, तर कॉर्पोरेशनची. दोघं डॉक्टर आणि मुली म्युनिसिपालिटीच्या शाळेत, पुण्यातल्या मध्यमवर्गात हे पचायला जडच होतं.

इथे मला एक सांगायचंय, कारण ते नेहमी राहून जातं. अवचटांना गावोगाव फिरता आलं, हमालांबरोबर बसता आलं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांशी बोलता आलं, ते घरात पगार आणणारं दुसरं माणूस होतं म्हणून. ते स्वतः हे कायम सांगायचे, आपणच विसरतो. खरं तर सुनंदाताईंवर एक वेगळा व्हिडिओ व्हायला हवा, करूच कधीतरी.

आता छंद. स्क्रीनवर हे जे चित्र दिसतंय ना, काळ्या रेघांचं, त्यात जरा शोधलं की मोर सापडेल, ती त्यांची स्टाईल. शिवाय लाकडात कोरीवकाम, बासरी, बंदिशी, फोटोग्राफी, आणि ओरिगामी तर विचारूच नका. समोर लहान मूल आलं की हातात कागद आलाच, घडी घालता घालता गप्पा, आणि थोड्या वेळात पोराच्या हातात पक्षी नाहीतर उंदीर. यातलं काही विकायचं नव्हतं की कुठे स्पर्धेला पाठवायचं नव्हतं. मला वाटतं त्यांची दोस्ती अशीच व्हायची, समोरच्याजवळ बसायचं, हाताला काहीतरी चाळा ठेवायचा आणि ऐकत राहायचं, घाई नाही. त्यांचं लिखाण वाचा, तिथेही हेच, छोटी छोटी वाक्यं आणि समोरचा माणूस बोलतोय. काही लोक म्हणायचे की अवचट नुसतं दुःख मांडतात, उपाय सांगत नाहीत. असेलही. पण गंमत अशी की ज्या एका विषयात उपाय उभा राहिला तो याच नुसत्या लिहिण्यातून राहिला.

ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द आली, म्हणजे ब्राऊन शुगर, चांगल्या घरातली कॉलेजची पोरं त्यात अडकली. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई इतके हलले की त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, काहीतरी करा म्हणाले. आणि करणार कोण, तर सुनंदा. २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. पस्तीस दिवसांचे उपचार, योगासनं, ग्रुप मीटिंग, गाणी. बरे झालेले पेशंटच पुढे तिथे काम करायला लागले, कारण व्यसनी माणसाची थाप व्यसनातून उठलेला माणूस बरोबर पकडतो, तिथे डॉक्टरचं काही चालत नाही. पेशंटच्या बायकांसाठीसुद्धा ग्रुप, सहचरी नावाचा. व्यसन सोडून वर्ष झालं की वाढदिवस करायचा, टाळ्या आणि बायको-पोरं समोर बसलेली. आणि अवचट तिथे सगळ्यांचे बाबा झाले. घरी दोन मुलींचे बाबा, इथे हजारोंचे, ज्यातले कितीतरी स्वतःच बाप होते आणि घरात त्यांना कोणी विचारत नव्हतं.

सुनंदाला कॅन्सर झाला. तशातही तिने मुक्तांगणचं काम चालूच ठेवलं. १९९७ मध्ये ती गेली. त्यानंतर अवचट जवळपास पंचवीस वर्षं होते, तिच्याबद्दल लिहीत राहिले, बोलत राहिले, आणि ते ऐकताना ती आत्ताच बाहेर गेलीये आणि येईलच असं वाटायचं. रडगाणं नाही हं, चेष्टामस्करीपण असायची त्यात.

मुक्तांगण आता मुक्ता पुणतांबेकर बघतात, त्यांच्या थोरल्या कन्या. बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, कारण बायकाही व्यसनात अडकतात आणि घरचे त्यांना तर अजूनच लपवून ठेवतात. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर येरवड्याला घेऊन जा. बरोबर कोण आलंय हे तिथे पहिल्या दिवशीच विचारतील, तेव्हा घरातलं माणूस सोबत न्या, आणि व्यसनात अडकलेलं माणूसच यायला तयार नसेल तर निदान तुम्ही तरी एकदा जाऊन बोलून या.