बेडूक दिसला नाही, म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी! समजा, एक तळं दाखवून मी विचारलं, इथले बेडूक कमी झालेत का? मोजायचं आणि सांगायचं, त्यात काय एवढं? नवखा संशोधक नेमका इथेच फसतो.

कोस्टारिकात, मोंतेवेर्देच्या डोंगरावर सोनेरी भेक असायचा. भेक म्हणजे टोड, बेडकाचाच भाऊबंद. नर अगदी झेंडूसारखा केशरी. वर्षभर जमिनीखाली, पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस डबक्यांवर. 1987 मध्ये संशोधक मार्था क्रम्प यांनी 1500 हून जास्त भेक मोजले. पुढच्या वर्षी त्याच डबक्यांवर एक. 1989 मध्ये एक. त्यानंतर कुणालाच दिसला नाही. पण तेव्हा 'संपला' म्हणायची छाती कुणाची होणार? पाऊस बिनसला असेल, भेक खालीच दबा धरून असतील!

ही शंका उगाच नव्हती हं. अमेरिकेत साऊथ कॅरोलायनात रेनबो बे नावाची पाणथळ जागा आहे. 1978 पासून तिच्याभोवती पत्र्याचं बुटकं कुंपण आणि कडेला पुरलेल्या बादल्या. येणारा-जाणारा बेडूक बादलीत पडतो, मोजून सोडून देतात. एखाद्या वर्षी पिल्लं हजारोंनी. पाणी लवकर आटलं की भोपळा. आता यातली दोनच वर्षं उचलून बघा, हवा तो निष्कर्ष निघेल.

म्हणून संशोधक अॅलन पाऊंड्स आणि सहकाऱ्यांनी मोंतेवेर्देचे आकडे अशा नैसर्गिक चढउतारांशी ताडून पाहिले. तिथल्या बेडूक-भेकांच्या 50 पैकी 20 जाती गायब होत्या. नुसत्या वाईट पावसाने एवढं होत नाही.

मग शिकणाऱ्याला काय शिकवायचं? रात्री बॅटरी घेऊन तीच वाट, तेवढाच वेळ, पुन्हा पुन्हा. आवाजावरून जात ओळखणं. आणि पुढच्या तळ्यावर जाण्याआधी बूट निर्जंतुक करणं, कारण काइट्रिड बुरशी चिखलातून पसरू शकते आणि बेडकाच्या कातडीवर हल्ला करते. बेडूक पाणी पितो तेच मुळी कातडीतून!

आपल्या आंबोलीच्या सड्यावरचा आंबोली टोडही पहिल्या पावसात थोडेच दिवस डबक्यांवर जमतो. उशिरा गेलात तर हाती काही लागणार नाही.

आणि रिकाम्या हाताने परतलेली मुलं हमखास एक चूक करतात: तक्ता कोरा ठेवतात. कोरा तक्ता म्हणजे कुणी गेलंच नव्हतं. तिथे लिहायचं: रात्री 9 ते 10, पाऊस रिमझिम, शोधणारे दोघे, बेडूक 0.