पश्चिमेची भिंत : अलिबागचे मागेन आबोथ

अलिबागच्या इस्राएल आळीत शिरल्यावर समुद्र दिसत नाही, पण खाऱ्या वाऱ्यावरून तो जवळच आहे हे कळते. या आळीत उभी असलेली ही वास्तू म्हणजे बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर, मागेन आबोथ सिनेगॉग. हिब्रूतील या नावाचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा होतो. हे सिनेगॉग १८४८ साली उभारले गेले आणि १९१० साली त्याची पुनर्बांधणी झाली.

ज्या पूर्वजांचे नाव या वास्तूने घेतले आहे, त्यांची कथा येथून जवळच, नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. समाजाच्या परंपरेनुसार, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जेथे पुरले असे मानतात, त्या जागी आज स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज आसपासच्या गावांत पांगले आणि किहीमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावे लावू लागले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा होता आणि शनिवारी तो घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे कोचीनहून आलेल्या दावीद रहाबी या ज्यू गृहस्थांनी या समाजातील स्त्रियांपुढे मिसळीची मासळी ठेवली, तेव्हा त्या स्त्रियांनी ज्यू धर्मात खायला चालणारे, म्हणजे पर आणि खवले असलेले मासेच निवडून घेतले आणि त्यावरून हे ज्यू आहेत अशी रहाबींची खात्री पटली, असे सांगतात. कोकणात ओळख पटवायची ती माशावरून, हे रीतीला धरूनच झाले!

या साऱ्या काळात त्यांना स्वतंत्र प्रार्थनास्थळ नव्हते. सण, सुंता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, घरातच पाळले जात. समाजाचे पहिले सिनेगॉग १७९६ साली मुंबईत सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी बांधले. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत आणि मुंबईच्या ‘मस्जिद’ रेल्वे स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, हे तेथे रोज उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यानंतर किनाऱ्यावरही बांधकामे झाली : रेवदंड्याचे १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे आणि पेणचे १८६३ चे.

आत पाऊल टाकण्यापूर्वी दाराच्या चौकटीकडे पाहावे. तेथे बसवलेली लहानशी तिरकी नळी म्हणजे मेझुझा. तिच्यात चर्मपत्रावर लिहिलेली प्रार्थना असते आणि येता-जाता तिला बोटांनी स्पर्श करून ती बोटे ओठांना लावतात. आतील मांडणीचा सारा रोख पश्चिमेच्या भिंतीवर आहे. युरोपातील ज्यू पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, तर कोकणातील पश्चिमेकडे, कारण येथून जेरुसलेम त्या दिशेला, समुद्रापलीकडे आहे. पूर्वजांचे गलबत ज्या दिशेने आले, तिकडेच तोंड करून आज प्रार्थना होते. त्या भिंतीत हेखाल हे पवित्र कपाट असून त्याच्या पडद्याआड तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, म्हणजे सेफेर तोरा, ठेवलेल्या असतात. दालनाच्या मध्यभागी कठडा असलेला लाकडी चौथरा, म्हणजे तेबा, असतो. प्रार्थना चालवणारा हजान त्यावर उभा राहून ती म्हणतो आणि लोक त्याच्या सभोवती बाकांवर बसतात. मूर्ती किंवा चित्र कोठेही नसते. डोळ्यांत भरतात ते छतापासून लोंबणारे काचेचे दिवे आणि हेखालासमोर अखंड तेवणारी ज्योत.

एक खुर्ची मात्र रिकामीच राहते. ती प्रेषित एलियाहू हनाबीची. मुलाच्या सुंतेच्या वेळी तो अदृश्य रूपाने येऊन बसतो, अशी श्रद्धा आहे. अलिबाग तालुक्यातील खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, असे मानून लोक तेथे नवस फेडायला जातात. नवसाचा मलिदा असतो भिजवलेल्या पोह्यांचा, ओले खोबरे आणि गूळ घातलेला. म्हणजे नवस एलियाहूचा आणि ताट अस्सल कोकणातले. प्रार्थना हिब्रूत चालते, पण घरची भाषा मराठीच राहिली. वल्हांडण (पासओव्हर) सणाला वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली होती.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढील दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली आणि आळीत मोजकीच घरे उरली. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात. या गणसंख्येला मिनियान म्हणतात. ती भरली नाही, तर प्रार्थनेचे काही भाग वगळावे लागतात आणि सेफेर तोरा बाहेर काढता येत नाही. म्हणून येथे जमलेली माणसे आधी एकमेकांना मोजतात आणि नऊवर अडले, की रस्त्याकडे पाहत दहाव्याची वाट पाहतात.